गुडघा दुखायचा थांबतो तेव्हा...

कबड्डीच्या मैदानावर चढाईपटू बोनस रेषेकडे झेपावतो, बचावपटूचा हात चुकविण्यासाठी एका पायावर गर्रकन वळतो आणि त्याच क्षणी खाली बसतो. त्याला कुणी पकडलेले नसते. अनेकदा साधा स्पर्शही झालेला नसतो. पाऊल मॅटवर घट्ट रोवलेले राहते, शरीर वळते आणि या दोहोंच्या मध्ये सापडलेल्या गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज होतो. दोन-तीन तासांत गुडघा टम्म सुजतो. सांध्यात रक्त साठल्याची ती खूण असते. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि ‘मुरगळला असेल’ असे म्हणून तेल चोळणे सुरू होते.

तीन आठवड्यांत सूज उतरते. खेळाडू चालू लागतो, सरळ रेषेत थोडेफार धावूही लागतो. मग पहिल्याच सामन्यात वळताना गुडघा सटकतो. पुन्हा सूज, पुन्हा तेल, पुन्हा विश्रांती. असे दोन-तीनदा झाले, की मूळच्या दुखापतीत वाचलेली गुडघ्यातील गादीही फाटते आणि मग खेळाडू तज्ज्ञाकडे पोचतो. या दुखापतीत वेदना हा अत्यंत बेभरवशाचा साक्षीदार आहे, ही गोष्ट इथेच ध्यानात घ्यायला हवी. कारण शस्त्रक्रिया झाल्यानंतरही तो साक्षीदार तसाच बेभरवशाचा राहतो.

फाटते ते नेमके काय? मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना सांध्याच्या आत फुलीच्या आकारात बांधणारे दोन अस्थिबंध असतात. त्यांपैकी पुढचा म्हणजे अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट, खेळाडूंच्या तोंडी ‘एसीएल’. लांबी जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटर, जाडी करंगळीएवढी. नडगी पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघ्याला नको तेवढा पीळ बसू न देणे, ही त्याची कामे. सरळ चालताना त्याची फारशी गरज लागत नाही, म्हणूनच तो तुटलेला माणूस रस्त्याने बिनदिक्कत चालतो. गुडघ्याच्या बाजूचा अस्थिबंध फाटला, तर रक्ताची गुठळी धरते आणि तिच्या आधाराने तो सांधला जातो. हा मात्र सांध्यातील द्रवात बुडालेला असल्याने गुठळी टिकत नाही आणि तुटलेली टोके सहसा नीट जुळत नाहीत. एक्स-रेत तो दिसतच नाही. अनुभवी डॉक्टर गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढतात आणि हातालाच निदान कळते. एमआरआय त्यावर शिक्कामोर्तब करतो आणि गादीची अवस्थाही दाखवितो.

अस्थिबंध तुटला म्हणजे शस्त्रक्रिया आलीच, असे मात्र नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांवर लगेच शस्त्रक्रिया केली आणि निम्म्यांना आधी शिस्तबद्ध व्यायाम दिला. गरज भासली तरच पुढे शस्त्रक्रिया. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील रुग्णांच्या तक्रारी सारख्याच होत्या आणि दुसऱ्या गटातील निम्म्याहून अधिक रुग्णांना शस्त्रक्रिया लागली नव्हती. त्यांत व्यावसायिक खेळाडू नव्हते, हे लक्षात ठेवावे. चाळिशीच्या माणसाला पोहायचे, सायकल चालवायची आणि सिंहगड चढायचा असेल, तर त्याने व्यायामाला काही महिने देऊन पाहणे शहाणपणाचे. कबड्डी, फुटबॉल, खो-खो, बॅडमिंटन अशा वळणाच्या खेळांत परतायचे असेल किंवा रोजच्या व्यवहारातही गुडघा सटकत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तीही सहसा दुसऱ्या दिवशी घाईने नव्हे. सूज उतरून गुडघा पूर्ण सरळ होऊ लागल्यावर. सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर केलेली शस्त्रक्रिया पुढे तो अधिकच आखडविते.

तुटलेला बंध शिवून भागत नाही, त्यामुळे बहुधा त्याच्या जागी नवा बसवितात. त्यासाठी रुग्णाच्याच शरीरातील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून घेतात. कधी मांडीच्या मागच्या बाजूची, कधी गुडघ्याच्या वाटीखालची. दुर्बिणीतून दोन्ही हाडांत बोगदे पाडून ती ओवतात आणि स्क्रू किंवा बटणाने पक्की करतात. दीड-दोन तासांत काम आटोपते, दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी येतो. नातेवाईक फळे घेऊन भेटायला येतात आणि ‘ऑपरेशन यशस्वी झाले’ असे एकमेकांना सांगतात. त्यांचे बोलणे खोटे नसते, पण जे यशस्वी झाले आहे ते केवळ बसविण्याचे काम.

नव्या बंधाचे पुढे काय होते, हे फार थोड्या रुग्णांना समजावून सांगितले जाते. शरीरातून सोडवून घेतलेल्या त्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. पहिल्या काही आठवड्यांत तिच्यातील पेशी मरतात. मग सांध्याच्या अस्तरातून नव्या रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, जुने तंतू मोडून नवे विणू लागतात आणि कंडरेचे हळूहळू अस्थिबंधात रूपांतर होते. हे विणकाम वर्षभर, काहींच्या बाबतीत दोन वर्षेही चालते. जुने मोडलेले आणि नवे पुरते विणलेले नाही असा काळ साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांच्या आसपासचा. म्हणजे शस्त्रक्रियेच्या दिवशी होता त्याहून तो बंध या काळात अशक्त असतो. नेमक्या याच सुमारास रुग्णाची सूज गेलेली असते, टाके वाळलेले असतात, कुबड्या माळ्यावर गेलेल्या असतात आणि ‘मला आता काहीच होत नाही’ असे तो अभिमानाने सांगत असतो. आतला बंध सर्वांत दुबळा आणि बाहेरचा माणूस सर्वांत धीट, असा हा योग आहे.

याच्या उलट, पहिल्या दोन आठवड्यांत माणूस गरजेपेक्षा जास्त घाबरतो. त्याला इतिहासही जबाबदार आहे. १९८०च्या दशकापर्यंत अशा शस्त्रक्रियेनंतर पाय कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यांत जखडून ठेवीत. अमेरिकेत इंडियानापोलिस येथील शल्यविशारद डोनाल्ड शेलबोर्न यांना पुढे एक चमत्कारिक गोष्ट आढळली. सांगितलेली बंधने धाब्यावर बसवून लवकर पाय टेकणाऱ्या, लवकर हालचाल करणाऱ्या रुग्णांचे गुडघे आज्ञाधारक रुग्णांपेक्षा चांगले निघत होते. त्यांनी आपली पद्धतच बदलली आणि १९९० मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जगभर शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवसांत रुग्णाला उभे करतात, त्यामागे हे निरीक्षण आहे. रुग्णांनी मात्र त्यावरून लवकर सगळेच करावे असा धडा घेतला. हालचाल लवकर, खेळ उशिरा, अशी ही विभागणी आहे. आणि बहुतेकांच्या हातून ती नेमकी उलटी होते.

पहिल्या आठवड्यांतली कामे दिसायला क्षुल्लक आहेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गुडघा पूर्ण सरळ होणे. आपल्याकडे घरोघरी एक चूक प्रेमापोटी केली जाते: आई किंवा आजी दुखऱ्या गुडघ्याखाली मऊ उशी सरकविते. रुग्णाला बरे वाटते, कारण किंचित वाकलेला गुडघा कमी दुखतो. पण त्याच अवस्थेत तो आखडतो आणि पुढे कायमचा लंगडेपणा मागे लागू शकतो. उशी द्यायचीच तर ती टाचेखाली द्यावी, म्हणजे गुडघा आपल्याच वजनाने सरळ होतो. वाकविण्याची घाई त्यामानाने कमी असते. काटकोनापर्यंत वाकणे दोन-तीन आठवड्यांत, त्यापुढचे सावकाश.

दुसरे काम मांडीच्या पुढच्या स्नायूला जागे करण्याचे. गुडघ्यात सूज असली, की मेंदू या स्नायूला मिळणारा हुकूम अडवून धरतो. रुग्ण मनापासून प्रयत्न करतो आणि मांडी ढिम्म हलत नाही. हा आळस नव्हे, शरीराचाच तो बंदोबस्त असतो. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच-दहा सेकंद धरायची, सोडायची, असे दिवसातून अनेकदा. स्नायूची ताकद कमी पडत असेल तर काही ठिकाणी विजेच्या सौम्य प्रवाहाची मदत घेतात. त्याचबरोबर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, पाय उंच आणि घोटा सतत वरखाली. पोटरी दुखून सुजली, एकाएकी धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले, तर फोनवर सल्ला मागत न बसता रुग्णालय गाठावे.

मुंबईच्या चाळीत किंवा लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहणाऱ्याला जिन्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, एवढे पाठ केले की निम्मी भीती जाते. भारतीय बैठकीचा संडास, उकिडवे बसणे, मांडी घालून जेवणे ही आपली खास संकटे. परदेशी पुस्तकांतील वेळापत्रकांत त्यांचा उल्लेख नसतो, तेव्हा ती केव्हा सुरू करायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्यालाच विचारावे. शस्त्रक्रियेत गादीही शिवली असेल, तर खोल वाकण्याला आणि काही वेळा पूर्ण वजन टाकण्यालाही अधिक काळ मनाई असते. शेजारच्या मुलाचे वेळापत्रक म्हणूनच आपल्या कामाचे नाही. दुचाकीच्या बाबतीत रुग्ण ‘चालवता येते का’ एवढेच पाहतात. अडचण चालविण्यात नसते. सिग्नलला गाडी कलते आणि भरकन पाय टेकावा लागतो, तेथे असते.

तीन महिन्यांनंतर मोठी परीक्षा सुरू होते, आणि तिचे स्वरूप कंटाळवाणे आहे. व्यायामशाळेत तीच बैठक, तेच वजन, तीच पायरी, आठवड्यामागून आठवडे. हलके धावणे साधारण तीन-चार महिन्यांनी सुरू होते, तेही गुडघ्यात सूज नसेल आणि मांडीत पुरेशी ताकद आली असेल तरच. शस्त्रक्रियेनंतर मांडी किती वाळते, हे पाहून खेळाडू दचकतात. वाटीच्या वर ठरावीक अंतरावर शिंप्याची टेप गुंडाळून दोन्ही मांड्यांचा घेर महिन्याला नोंदवून ठेवावा. यंत्रावर मोजलेल्या ताकदीची सर त्याला नाही, पण आपण कुठे आहोत हे कळते. साध्या खुर्चीवरून एका पायावर उठून पुन्हा हळू बसता येते का, किती वेळा, आणि दुसऱ्या पायावर किती वेळा, ही तुलना तर घरातही करता येते.

खेळात परतण्याची परवानगी कॅलेंडर पाहून देण्याची पद्धत आता मागे पडत आहे. शस्त्रक्रिया झालेल्या पायाची ताकद आणि एका पायावर उडी मारण्याचे अंतर दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के असावे, ही आज सर्वमान्य अट आहे. तिच्यातही एक पळवाट आहे. सहा-आठ महिने मैदानाबाहेर बसल्याने चांगला पायही दुबळा झालेला असतो. दुबळ्याशी बरोबरी केली म्हणजे बलवान झालो, असे होत नाही. जमल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच चांगल्या पायाची ताकद मोजून ठेवावी.

नॉर्वेतील संशोधकांनी २०१६ मध्ये १०६ रुग्णांची दोन वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबविला, तितका त्या गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका प्रत्येक महिन्यागणिक जवळपास निम्मा होत गेला. ठरविलेल्या कसोट्या पार न करता परतलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना पुन्हा दुखापत झाली. पार करून परतलेल्यांपैकी सहा टक्क्यांहून कमी. रुग्णसंख्या लहान आहे, आकडे उद्या थोडे इकडेतिकडे होतील, पण ‘सहा महिन्यांत मैदानात’ हे एके काळी सर्रास दिले जाणारे आश्वासन यापुढे देऊ नये, एवढे त्यातून निश्चित होते.

मग लगेच नामवंतांची उदाहरणे पुढे येतात. कुस्तीगीर विनेश फोगट हिच्या डाव्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ती राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन उभी होती. हे खरे आहे. तिच्यासमोर पॅरिस ऑलिम्पिक होते, चार वर्षांनी एकदा येणारी संधी होती, आणि तो धोका तिने जाणून पत्करलेला होता. गल्लीतील चषकासाठी एकोणीस वर्षांच्या मुलाने तोच हिशेब करण्याचे कारण नाही. जिम्नॅस्ट दीपा कर्माकर हिची कथा अधिक बोलकी आहे. रिओ ऑलिम्पिकमध्ये चौथी आल्यानंतर एप्रिल २०१७ मध्ये तिच्या गुडघ्यावर मुंबईतच शस्त्रक्रिया झाली. ती परतली जुलै २०१८ मध्ये, सव्वा वर्षाने, आणि तुर्कस्तानात मेर्सिन येथील विश्वचषक मालिकेच्या स्पर्धेत व्हॉल्टचे सुवर्णपदक तिने पटकावले. पुढच्याच महिन्यात जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत गुडघा पुन्हा दुखावला. सव्वा वर्ष थांबूनही हे घडू शकते. ब्राझीलचा फुटबॉलपटू नेमार ऑक्टोबर २०२३ मध्ये जखमी झाला. पैशाला, यंत्रांना, तज्ज्ञांना तोटा नसताना त्याला मैदानावर यायला ऑक्टोबर २०२४ उजाडला. नोकरी सांभाळून, संध्याकाळी लोकलच्या गर्दीतून फिजिओथेरपीला जाणाऱ्या खेळाडूने आपल्याला उशीर होतो म्हणून खंत करू नये.

एका गोष्टीकडे मात्र आपली व्यवस्था सोयीस्कर दुर्लक्ष करते. शस्त्रक्रियेचा खर्च विमा उचलतो. त्यानंतरच्या सहा-आठ महिन्यांच्या फिजिओथेरपीचा बहुतेक भार अनेकदा रुग्णाच्याच खिशावर पडतो. परिणामी मध्यमवर्गीय घरांतही चालता येऊ लागले, की फिजिओथेरपी बंद होते. म्हणजे नेमकी ताकदीचे व्यायाम सुरू व्हायच्या वेळी. क्रीडा कोट्यातून नोकरीची वाट पाहणारा कबड्डीपटू तर दुहेरी कात्रीत असतो. खेळला नाही तर निवड समितीच्या नजरेआड होतो, खेळला तर गुडघा जातो. संघाचे व्यवस्थापक ‘फक्त एकच सामना’ म्हणून गळ घालतात. निदान प्रशिक्षकांनी तरी खेळाडूला ‘दुखते का’ असे न विचारता ‘उडीची चाचणी कुठवर आली’ असे विचारावे. पैसे मोजके असतील, तर रोज फिजिओथेरपिस्टकडे जाण्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा जाऊन मोजमाप करून घ्यावे, नवे व्यायाम शिकावेत आणि बाकी काम साध्या व्यायामशाळेत करावे. महिनाभर रोज शेक घेऊन मग सारेच सोडून देण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगाचे.

शरीर तयार झाले तरी मन मागे राहते, आणि त्याबद्दल खेळाडू सहसा बोलत नाहीत. जगभरातील अभ्यास एकत्र करून २०१४ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की शस्त्रक्रियेनंतर ८१ टक्के रुग्ण कोणता ना कोणता खेळ खेळू लागतात, परंतु पूर्वीच्या पातळीवर ६५ टक्केच पोचतात आणि स्पर्धात्मक खेळात ५५ टक्के. न परतणाऱ्यांपैकी अनेकांचा गुडघा ठीक असतो; वळण्याच्या क्षणी त्यांना तो ‘कट्’ पुन्हा ऐकू येतो. ही भीती भित्रेपणा म्हणून हिणविण्याची गोष्ट नाही. तिच्यावर उपाय पायरीपायरीचाच आहे: आधी एकट्याने वळणे, मग सहकाऱ्यासोबत स्पर्शाविना सराव, मग पूर्ण पकडीचा सराव, मग सामन्यातील काही मिनिटे, आणि प्रत्येक पायरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यावर सूज आहे का ते पाहणे. सूज आली तर एक पायरी मागे.

आणि हे सारे करताना दुसऱ्या गुडघ्याला विसरू नये. २५ वर्षांखालील जे खेळाडू शस्त्रक्रियेनंतर मैदानात परततात, त्यांच्यापैकी साधारण चौथ्या हिश्शाचा एसीएल पुन्हा फाटतो, आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास फाटणे हे शस्त्रक्रिया न झालेल्या पायाचे असते. उडीनंतर दोन्ही गुडघे आत न कलता सरळ रेषेत ठेवून खाली उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे, मांडीच्या मागच्या स्नायूचे व्यायाम, या सगळ्याला सरावापूर्वी वीस मिनिटे लागतात. फुटबॉलमध्ये असा ठरावीक वॉर्म-अप जागतिक महासंघाने कधीच तयार करून दिला आहे आणि त्याने दुखापती कमी होतात हेही दिसून आले आहे. आपल्याकडच्या कबड्डी संघांत सामन्यापूर्वी अजूनही मैदानाला दोन फेऱ्या आणि मांडीवर दोन थापा, एवढ्यावर भागते.